समुद्रशैवालाचा अर्क आणि उसाची गोडी

ऊस शेतात बारा ते अठरा महिने उभा राहतो. त्यामुळे कडक उन्हाळा, पावसाळ्यात साचणारे पाणी आणि हिवाळ्यातील थंडी हे तिन्ही त्याला एकाच आयुष्यात सोसावे लागतात. त्यातही आडसाली उसाला, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये लावून दीड वर्षाने तोडल्या जाणाऱ्या उसाला, काही ऋतू दोनदा भेटतात. इतका दीर्घ काळ उभे राहणाऱ्या पिकाचे उत्पादन केवळ खत आणि पाणी यांच्या मात्रेवर ठरत नाही. ताणाच्या प्रत्येक काळात पिकाची वाढ किती दिवस थांबली आणि ती पुन्हा किती लवकर सुरू झाली, यावर तोडणीच्या वेळचे वजन आणि रसातील साखर ही दोन्ही अवलंबून असतात. समुद्रशैवालापासून काढलेल्या अर्काचा उसाशी जो संबंध गेल्या काही दशकांत जोडला गेला, तो समजून घेताना ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते, कारण असा अर्क पिकाला अन्न पुरवण्यासाठी वापरला जात नाही. वनस्पतीच्या स्वतःच्या वाढीच्या आणि बचावाच्या क्रियांना चालना देण्यासाठी तो वापरला जातो.

अशा पदार्थांना शास्त्रीय भाषेत जैव-उत्तेजक म्हणतात आणि कृषी सेवा केंद्रात त्यांना सरसकट ‘टॉनिक’ म्हटले जाते. युरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेल्या आणि २०२२ च्या जुलैपासून लागू झालेल्या खतविषयक नियमावलीत जैव-उत्तेजकाची व्याख्या त्यातील अन्नद्रव्यांवरून न करता कार्यावरून केली आहे : पिकाची अन्नद्रव्ये वापरण्याची क्षमता, ताण सहन करण्याची शक्ती, उत्पादनाची प्रत किंवा जमिनीत अडकून पडलेल्या अन्नद्रव्यांची उपलब्धता यांपैकी एक किंवा अधिक गोष्टी जो पदार्थ सुधारतो, तो जैव-उत्तेजक. भारतात १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २०२१ च्या फेब्रुवारीत दुरुस्ती होऊन जैव-उत्तेजकांना प्रथमच कायद्याच्या चौकटीत आणले गेले आणि त्यातील वर्गवारीत वनस्पतिजन्य अर्कांबरोबर समुद्रशैवालाच्या अर्कांचाही स्पष्ट समावेश झाला.

समुद्रातील शैवाल शेतात घालण्याची रीत मात्र कायद्याहून कितीतरी जुनी आहे. फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत, स्कॉटलंडची बेटे आणि आयर्लंडचा पश्चिम किनारा येथील शेतकरी वादळानंतर किनाऱ्यावर साचलेले शैवाल गोळा करून जमिनीत मिसळत असत. आयर्लंडच्या अरन बेटांवर तर उघड्या चुनखडकावर वाळू आणि शैवाल यांचे थर देऊन माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतजमीनच तयार केली. ओले शैवाल जड असते आणि दूर वाहून नेणे परवडत नाही, म्हणून ही रीत किनाऱ्यापुरतीच राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये रेजिनाल्ड मिल्टन या रसायनशास्त्रज्ञाने अल्कलीच्या साहाय्याने, उष्णता आणि दाब देऊन शैवालाचा द्रव अर्क करण्याची पद्धत शोधली आणि १९५२ मध्ये तिचे पेटंट मिळाले. शैवाल बाटलीत आले ते तेव्हापासून, आणि किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर असलेल्या शेतापर्यंत त्याचा प्रवास शक्य झाला.

या अर्कांविषयी बोलताना एक गफलत नेहमी होते : सर्व समुद्रशैवाल आणि त्यांचे सर्व अर्क एकाच गुणाचे मानले जातात. वस्तुतः समुद्रशैवालांचे तपकिरी, लाल आणि हिरवे असे तीन मोठे गट आहेत आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते समजले जाते तितके जवळचे नाही. जगभरात सर्वांत जास्त अभ्यास झालेले अ‍ॅस्कोफिलम नोडोसम हे तपकिरी शैवाल उत्तर अटलांटिक महासागराच्या थंड, खडकाळ किनाऱ्यांवर वाढते. कॅनडा, आयर्लंड, नॉर्वे आणि फ्रान्स येथून येणारे बहुतेक अर्क त्याचेच असतात. दक्षिण आफ्रिकेत एक्लोनिया मॅक्सिमा या दुसऱ्या तपकिरी शैवालाचा अर्क काढतात, परंतु तेथे उष्णता किंवा रसायने न वापरता दाबातील फरकाने पेशी फोडल्या जातात. भारतात जे शैवाल या कामी प्रामुख्याने वापरले जाते ते कप्पाफायकस अल्वारेझी हे लाल शैवाल असून त्याचे मूळ आग्नेय आशियातील उष्ण समुद्रांत आहे. शैवाल कोणत्या जातीचे, ते कोणत्या ऋतूत काढले, अर्क अल्कलीने काढला की थंड दाबाने, यावर अंतिम द्रवाची रचना ठरते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून काढलेल्या अर्कात पालाश साहजिकच अधिक येते आणि उष्णतेने काही नाजूक संयुगे नष्ट होतात, तर काही नवी तयार होतात. म्हणून ‘सीवीड’ एवढाच शब्द छापलेल्या दोन बाटल्यांतील द्रव्ये एकमेकांपासून फार वेगळी असू शकतात, आणि एकीचा अनुभव दुसरीला लागू करणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे ठरते.

कप्पाफायकसची कथा भारताच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. गुजरातमधील भावनगर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ आणि सागरी रसायने संशोधन संस्थेने हे शैवाल १९८० च्या दशकात भारतीय किनाऱ्यावर आणून प्रायोगिक पातळीवर वाढवले आणि पुढे तमिळनाडूतील मंडपम येथील आपल्या केंद्रातून त्याच्या लागवडीची पद्धत किनाऱ्यावरील लोकांपर्यंत पोचवली. मुळात हे शैवाल कॅराजिनानसाठी हवे होते; कॅराजिनान म्हणजे त्याच्या पेशीभित्तिकेतील दाटपणा आणणारी शर्करासाखळी, जी आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत अनेक उत्पादनांत वापरली जाते. कॅराजिनानसाठी शैवाल वाळवले जाते आणि ताज्या शैवालात सुमारे नऊ-दशांश पाणीच असल्यामुळे त्या पाण्यातील विरघळलेले क्षार व सेंद्रिय द्रव्ये वाया जात. भावनगरच्या शास्त्रज्ञांनी ताजेच शैवाल दळून त्याचा रस पिळून वेगळा काढण्याची आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजिनान मिळवण्याची एकत्रित पद्धत विकसित केली व तिला २००५ मध्ये अमेरिकेचे पेटंट मिळाले. एकाच कच्च्या मालातून दोन उत्पादने काढण्याची ही युक्ती साधी दिसते, परंतु वाळवण्याचा खर्च टाळणारी आणि शेतीसाठी स्वस्त अर्क उपलब्ध करणारी ती एक खरी भारतीय कामगिरी आहे आणि तिची दखल घेतली जाते त्याहून अधिक घेतली जायला हवी.

अशा अर्कात नेमके काय असते? पालाश, मॅग्नेशियम, लोह, जस्त यांसारखी अन्नद्रव्ये असतात, परंतु फवारणीच्या मात्रेत त्यांचे प्रमाण इतके अल्प असते की उसासारख्या खादाड पिकाची भूक त्यातून भागत नाही. ऑक्झिन, सायटोकायनिन आणि जिबरेलिन ही वनस्पतींची वाढ नियंत्रित करणारी संप्रेरके असतात. पैकी ऑक्झिन मुळे फुटण्याशी, सायटोकायनिन पेशीविभाजन, फुटवे आणि पानांचा हिरवेपणा टिकण्याशी, तर जिबरेलिन कांड्यांच्या लांबीशी निगडित आहे. ग्लायसीन बीटेन हे संयुग पेशीतील पाण्याचा तोल सांभाळते आणि कोरड्या किंवा खारट परिस्थितीत पेशी सुकण्यापासून वाचवते. याखेरीज तपकिरी शैवालांत लॅमिनारिन, अल्जिनेट आणि फ्युकॉइडान, तर लाल शैवालांत कॅराजिनान या दीर्घ शर्करासाखळ्या असतात; त्यांचे तुकडे पानावर पडले की काही प्रमाणात रोगजंतूच्या हल्ल्यासारखा संकेत वनस्पतीला मिळतो आणि ती आपली संरक्षणयंत्रणा आधीच जागी करते.

बराच काळ असे मानले जात होते की अर्कातील संप्रेरकेच पिकात शिरून परिणाम घडवतात. कॅनडातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या समजुतीला धक्का दिला. त्यांनी अ‍ॅस्कोफिलमच्या अर्कातील संप्रेरके काटेकोरपणे मोजली तेव्हा ती इतकी कमी आढळली की पिकातील बदलांचे स्पष्टीकरण त्यांतून मिळेना. परंतु तोच अर्क दिल्यावर अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील वनस्पतीने स्वतःची संप्रेरके तयार करणाऱ्या जनुकांच्या कार्यात बदल केला आणि तिच्या शरीरातील सायटोकायनिनचे प्रमाण वाढले. याचा अर्थ असा की अर्क बाहेरून संप्रेरक ओतत नाही, तो वनस्पतीला तिचे स्वतःचे संप्रेरक घडवण्याचा इशारा देतो. ही बाब केवळ सैद्धांतिक नाही. इशाऱ्याला प्रतिसाद देण्यासाठी पिकाजवळ साधने असावी लागतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि पाणी यांची बैठकच नसेल तर इशारा मिळूनही पीक काही करू शकत नाही, आणि दुसरीकडे इशारा एका मर्यादेपलीकडे तीव्र केल्याने प्रतिसाद त्या प्रमाणात वाढत नाही.

उसाच्या वाढीचे टप्पे पाहिले म्हणजे हा इशारा कोठे उपयोगी पडतो ते कळते. लागणीनंतर पहिल्या महिना-दीड महिन्यात बेण्यावरील डोळे फुटतात; त्यानंतर सुमारे चार महिन्यांपर्यंत फुटव्यांचा काळ असतो; पुढे नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत कांड्या झपाट्याने लांबतात आणि शेवटी पक्वतेचा काळ येतो, ज्यात वाढ मंदावून साखर साठते. एकरी शंभर टनांचे जे गणित महाराष्ट्रातील ऊस-मेळाव्यांत मांडले जाते, ते चाळीस हजार ऊस आणि प्रत्येकाचे वजन अडीच किलो असे असते. म्हणजे वजनाच्या दोनच किल्ल्या आहेत, उसांची संख्या आणि एकेका उसाचे वजन. पहिली किल्ली फुटव्यांच्या काळात ठरते. फुटवे पुष्कळ येतात, परंतु सावली आणि अन्नद्रव्यांच्या स्पर्धेत त्यांतले बरेच मरतात, आणि जे एकाच वेळी येऊन एकसारखे वाढतात तेच गाळपायोग्य ऊस बनतात. त्यामुळे अर्काच्या पहिल्या फवारण्या साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात, मोठ्या बांधणीच्या आधी करण्यात अर्थ असतो. याच काळात फवारणी करणे शक्यही असते. नंतर ऊस डोक्यावर गेला की पाठीवरचा पंप घेऊन सरीत शिरणे अवघड होते आणि ठिबकातून देणे किंवा ड्रोनचा आधार घेणे एवढेच मार्ग उरतात. एक डोळ्याच्या टिपरीपासून रोपे करताना बेणे अर्काच्या सौम्य द्रावणात बुडवण्याची पद्धतही आहे. थोड्याशा द्रवात मोठ्या क्षेत्राचे बेणे भिजत असल्यामुळे ती सर्वांत कमी खर्चाची ठरते.

खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा वाढणाऱ्या पिकाच्या, बाबतीत हा विचार अधिक नेटाने करायला हवा. तोडणीनंतर बुडख्यावरील जुनी मुळे हळूहळू निकामी होतात आणि नव्या फुटव्यांना आपली मुळे नव्याने धरावी लागतात. नेमक्या याच नाजूक काळात बहुतेक शेतात खोडव्याकडे दुर्लक्ष होते. पाचट न जाळता सरीत ठेवणे, बुडखे जमिनीलगत छाटणे आणि खते पहारीने मुळांजवळ देणे ही कामे झाल्यानंतर नव्या पानांवर अर्काची फवारणी झाली, तर मुळांच्या वाढीला मिळणारी चालना वाया जात नाही. ही कामे टाळून केवळ फवारणीवर भरवसा ठेवणाऱ्याला बाटलीची किंमतही परत मिळण्याची शक्यता कमी असते.

आता साखरेविषयी. उसाच्या पानात प्रकाशसंश्लेषणाची जी विशेष कार्यक्षम पद्धत चालते, तिचा सुरुवातीचा एक महत्त्वाचा पुरावा १९६५ मध्ये हवाई बेटांवरील उसावरच मिळाला आणि पुढे ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी तिची संपूर्ण साखळी उलगडली. पानात तयार झालेली सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, खोडाकडे वाहत जाते. कोवळ्या, लांबणाऱ्या कांडीत इन्व्हर्टेज नावाचे विकर तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे विघटन करते, कारण वाढीला इंधन हवे असते. कांडी पक्व झाली की हे विघटन मंदावते आणि सुक्रोज पेशींतील पोकळ्यांत साठू लागते. म्हणूनच खालच्या कांड्या गोड आणि वाढ्याजवळच्या कांड्या पाणचट लागतात. रसातील एकूण विद्राव्य घनपदार्थांचे शेकडा प्रमाण म्हणजे ब्रिक्स, त्यांतील सुक्रोजचा हिस्सा म्हणजे पोल आणि या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे शुद्धता. शुद्धता जितकी अधिक तितकी कारखान्यात साखर सहज स्फटिकरूप होते आणि मळीत कमी जाते. नत्राची मात्रा उशिरा आणि जास्त दिली तर ऊस वाढतच राहतो, पक्वता लांबते आणि शुद्धता घसरते. शैवालाच्या अर्काकडून प्रतीची जी अपेक्षा ठेवली जाते तिचा आधार मुख्यत्वे असा की ताणाच्या काळात पान हिरवे आणि कार्यरत राहिले, तर साखरेचा खोडाकडे जाणारा ओघ खंडित होत नाही.

या अपेक्षेची सर्वांत उद्बोधक चाचणी ब्राझीलमध्ये झाली. तेथील व्यापारी ऊसक्षेत्रांत २०१८, २०१९ आणि २०२० या तीन हंगामांत, तीन वेगवेगळ्या ठिकाणी, खोडव्याच्या उसावर वर्षातील सर्वांत कोरड्या काळाच्या तोंडावर, म्हणजे जून किंवा जुलैमध्ये, शैवालाच्या अर्काची एकच फवारणी करण्यात आली; मात्रा हेक्टरी अर्धा लिटर आणि पाणी १०० लिटर होते. अर्क दिलेल्या क्षेत्रात उसाचे वजन हेक्टरी कमाल तीन टनांपर्यंत वाढले आणि टनामागे सुमारे ३.४ किलो साखर अधिक मिळाली. पानांच्या तपासणीत पेशींची हानी दाखवणारे मॅलॉनडायअल्डिहाइड हे द्रव्य कमी आणि ऑक्सिडीकरणापासून बचाव करणाऱ्या विकरांची क्रिया जास्त आढळली; पानात साठून राहिलेली कर्बोदके घटली होती. वजनातील वाढ लहान आहे, पण साखरेचा हिशेब आणि पानातील रसायनशास्त्र एकमेकांना दुजोरा देतात, हे या प्रयोगाचे खरे मोल आहे.

भारतात कप्पाफायकसच्या रसावर वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऊस-अभ्यासात याहून मोठे आकडे आले : शिफारशीतील खतांबरोबर पाच टक्के तीव्रतेच्या फवारण्या केल्यावर लागणीच्या उसात सुमारे साडेबारा टक्के आणि खोडव्यात सुमारे आठ टक्के अधिक उत्पादन मिळाले. उत्पादन वाढल्याने टनामागे लागणारी रासायनिक खते, आणि त्यांच्या निर्मितीतून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन, दोन्ही कमी होतात, असाही त्या अभ्यासाचा मुद्दा होता. दोन्ही देशांतील आकड्यांतला फरक गोंधळात टाकणारा वाटला तरी त्यात विसंगती नाही, कारण शैवाल वेगळे, मात्रा वेगळी, फवारणीची वेळ वेगळी आणि ज्या मूळ उत्पादनावर वाढ मोजली तेही वेगळे होते. शेतकऱ्याने मात्र यांतील मोठा आकडा गृहीत धरून खर्च करू नये. नियोजनासाठी तीन ते पाच टक्क्यांची वाढ धरणे अधिक शहाणपणाचे आहे.

आता पैशांचा हिशेब पाहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवला आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यासाठी ३.४६ रुपये अधिक ठेवले. हेक्टरी शंभर टन उसात तीन टनांची वाढ झाली तर तोडणी-वाहतूक वजा करण्यापूर्वी साडेदहा हजार रुपयांच्या आसपास रक्कम येते. अर्क, मजुरी आणि पाणी यांचा खर्च त्यातून जाऊनही काही शिल्लक राहते. प्रतीचा हिशेब मात्र वेगळ्या वळणाने जातो. टनामागे ३.४ किलो साखर म्हणजे ढोबळमानाने उताऱ्यात ०.३४ टक्क्याची वाढ. प्रयोगातील मोजमाप आणि कारखान्यातील उतारा तंतोतंत एक नसले, तरी तसे धरल्यास टनामागे सुमारे ११८ रुपये जास्त मिळायला हवेत. परंतु महाराष्ट्रात दर संपूर्ण कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो, एकेका शेतकऱ्याच्या उसावर नाही. दहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात एका शेतकऱ्याच्या शंभर टनांचा वाटा दहा हजारांत एक इतका असतो आणि त्याच्या उसातील जादा गोडी सर्वांच्या सरासरीत विरघळून जाते. त्यामुळे वजनासाठी अर्क वापरणे हा वैयक्तिक निर्णय होऊ शकतो, पण साखरेच्या प्रतीसाठी तो वापरणे कारखान्याच्या ऊस विकास विभागानेच गटागटाने, तोडणीच्या कार्यक्रमाशी जोडून हाती घ्यावे लागेल. सहकारी साखर कारखानदारी १९५० मध्ये प्रवरानगरला ज्या विचाराने उभी राहिली, त्या विचाराला असा सामूहिक उपक्रम परका नाही.

मात्रेच्या बाबतीत अधिक म्हणजे उत्तम हा समज येथे नुकसान करतो. कप्पाफायकसच्या रसात समुद्राचे क्षार असतात आणि तीव्रता फार वाढवली तर पानांच्या कडा करपतात. भर उन्हात केलेली फवारणी पानात शोषली जाण्याआधीच वाळते, म्हणून ती सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी लागते. ताण येऊन पान गुंडाळल्यानंतर फवारणी करण्यापेक्षा ताण येणार हे दिसू लागताच ती करणे अधिक फलदायी असते, कारण संरक्षणाची विकरे तयार व्हायला पिकाला वेळ लागतो. सांगली-कोल्हापूरकडील क्षारपड जमिनींत अर्काने उसाची सहनशक्ती काहीशी वाढेल, परंतु निचऱ्याची सोय केल्याशिवाय त्या जमिनीचा मूळ आजार जाणार नाही.

बाजाराची स्थिती या सगळ्यापेक्षा चिंताजनक आहे. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी २०२५ च्या जुलैमध्ये सांगितल्याप्रमाणे देशात सुमारे तीस हजार जैव-उत्तेजक उत्पादने कित्येक वर्षे तपासणीविना विकली जात होती. नंतर ती संख्या आठ हजारांवर आणि कडक तपासणीनंतर साडेसहाशेच्या आसपास आली. या आकड्यांचा अर्थ स्पष्ट आहे : शेतकऱ्याने ज्या बाटल्यांवर पैसे खर्च केले त्यांतील बहुसंख्य बाटल्यांत काय होते याची हमी कोणीही दिलेली नव्हती. काही द्रवांत रंग आणि गूळपाणी, तर काहींत न सांगता मिसळलेली कृत्रिम संप्रेरके असू शकतात, आणि दुसरा प्रकार पहिल्याहून धोक्याचा असतो, कारण पीक चार दिवसांत हिरवेगार दिसते आणि ग्राहक समाधानाने परत येतो. लेबलावर शैवालाची जात, घटकांचे प्रमाण, खत नियंत्रण आदेशाखालील नोंद आणि उसासाठी शिफारस या चार गोष्टी नसतील तर ते उत्पादन घेऊ नये. बाजारात इतर प्रकारचे जैव-उत्तेजकही आहेत. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे ‘वसंत ऊर्जा’ हे उत्पादन, उदाहरणार्थ, कायटोसानवर आधारलेले आहे, शैवालावर नाही. प्रत्येकाची क्रिया वेगळी असल्यामुळे दोन-तीन टॉनिके एकाच टाकीत मिसळणाऱ्याला कशाचा गुण आला हे कधीच कळत नाही.

स्वतःच्या शेतात शहानिशा करण्याची रीत अवघड नाही. त्याच प्लॉटमधील त्याच जातीच्या उसात चार-सहा सऱ्यांचा एक पट्टा अर्काविना ठेवावा, शक्य असल्यास असे पट्टे दोन-तीन ठिकाणी सोडावेत, बाकी खत-पाणी सर्वत्र सारखेच द्यावे, आणि तोडणीच्या वेळी दोन्हीकडील ठरावीक लांबीतील ऊस मोजून त्यांचे वजन करावे. हातातील रिफ्रॅक्टोमीटरने वरच्या, मधल्या आणि खालच्या कांडीचा ब्रिक्स घ्यावा. पानांच्या काळोखीवरून निष्कर्ष काढू नये, कारण नत्राच्या एका हलक्या फवारणीनेही पान काळेभोर होते आणि वजन मात्र जागचे हलत नाही.

या साऱ्याची दुसरी बाजू समुद्रात आहे. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात पाल्कच्या उपसागरावर बांबूच्या तराफ्यांना शैवालाचे तुकडे बांधून सुमारे पंचेचाळीस दिवसांत पीक काढले जाते, आणि हे काम मोठ्या प्रमाणावर मच्छीमार कुटुंबांतील स्त्रिया बचत गटांमार्फत करतात. २०१३ नंतरच्या काही वर्षांत समुद्राचे तापमान वाढल्याने आणि फांद्या पांढऱ्या पडून गळण्याच्या रोगाने तेथील पीक मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले व अनेक कुटुंबांचे उत्पन्न एकाएकी थांबले. शिवाय कप्पाफायकस हे परके शैवाल असून मन्नारच्या आखातातील कुरुसडै बेटाजवळ ते प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ मध्ये झाली. प्रवाळांना झाकून टाकणारे शैवाल उसाला कितीही हितकारक असले, तरी त्याची लागवड कोठे करू द्यावी याला कठोर मर्यादा हवी.

मागणी वाढली तर काय होईल याचा अंदाज साध्या आकडेमोडीनेही येतो. हेक्टरी ५०० लिटर पाणी आणि पाच टक्के रस धरला तर एका फवारणीला २५ लिटर आणि तीन फवारण्यांना ७५ लिटर रस लागतो. महाराष्ट्रातील दहा लाख हेक्टर उसाला ही पद्धत लागू केली तर साडेसात कोटी लिटर, म्हणजे जवळपास ७५ हजार टन रस लागेल आणि त्यासाठी लाखभर टनांहून अधिक ताजे शैवाल पिळावे लागेल. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली २०२५ पर्यंत वर्षाला ११ लाख टनांहून अधिक समुद्रशैवाल पिकवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले होते, परंतु प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या कितीतरी मागे राहिले. पुरवठा इतका तोकडा असताना एका राज्याच्या एका पिकाची मागणी एकदम वाढली, तर ती भेसळीने भरून काढली जाण्याची भीती खरी आहे. म्हणून अर्काचा वापर सरसकट न करता जेथे तो सर्वाधिक फळ देतो तेथे, म्हणजे बेणेप्रक्रियेत, खोडव्याच्या पहिल्या महिन्यांत आणि पाण्याचा ताण येऊ घातलेल्या क्षेत्रांत, आधी करणे योग्य ठरेल. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सरगॅसम आणि उल्वा यांसारखी स्थानिक शैवाले नैसर्गिकपणे वाढतात. पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रात तराफे टिकत नसल्यामुळे तेथे वर्षभर लागवड करणे कठीण असले, तरी या स्थानिक जातींचे अर्क कृष्णा आणि प्रवरेच्या काठच्या उसावर पद्धतशीरपणे तपासून पाहणे कृषी विद्यापीठांना आणि साखर कारखान्यांना सहज शक्य आहे.